स्टेपनी कॅरिअर, पण काढता येणारं

२५ मे २०२५, रविवार

इंदूरहून महेश्वरला निघालो होतो, महू सोडून जाम गेटच्या अलीकडे डावं मागचं टायर गेलं. ट्यूबलेस आहे, पंक्चर किट जवळ होतं, त्यामुळे आधी काही वाटलं नाही, पण बघतो तर कट साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला. गिट्टीच्या धारेने दोन बोटं फाटलेलं. ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा असेल तर किटमधली दोरी भोकात मारून घरी येता येतं, साइडवॉलला दोरीचा काही उपयोग नाही कारण ती जागा प्रत्येक फेरीत वाकते. गाडीत स्टेपनी नाहीच, ठेवायला जागाच नाही. शेवटी महूहून छोटा हत्ती बोलावला आणि गाडी त्याच्या पाठीवर घरी आली. ड्रायव्हर वाटेत तीनदा म्हणाला, भिया ये तो खिलौना है. रामबागेत उतरवताना सगळा वाडा बघायला बाहेर.

१ जून

आधी गाडीबद्दल, कारण या नोंदी पुढे मलाच वाचायच्या आहेत आणि मी विसरतो. गाडी लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या वळणाची आहे, कोल्हापूरकडच्या एका हौशी माणसाने हाताने बांधलेली. लोक विचारतात ही अलिबागची चिंकारा का, नाही, चिंकारात इसुझूचं १.८ असतं, यात जिप्सीचं १३०० चं इंजिन आहे. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, तो काढून टाकला की सरळ मागच्या चाकांची गाडी होते, म्हणून तो सेट निवडला असावा. मागे ओम्नीचा ॲक्सल. चेसी २५ मिमीच्या चौकोनी पाइपची, भिंत १.६ मिमी, वरून फायबर. धर्मकाट्यावर ५६० किलो, पेट्रोल अर्धी टाकी, माणूस नाही.

लोटसने सेव्हन १९५७ ला आणली तेव्हापासून स्टेपनी पाठीवरच असायची, आत जागाच नव्हती. १९७३ ला केटरहॅमने ती गाडी बनवायचे हक्क घेतले आणि पुढे त्यांच्याकडेही स्टेपनी कॅरिअर ऑप्शन म्हणून मिळत राहिलं. म्हणजे मागे कॅरिअर लावून मी काही नवं करत नाहीये. नवं एवढंच की मला ते काढता यायला हवं. रविवारी सकाळी बिजासनकडे चक्कर मारून पोहे-जलेबी खाऊन परत यायचं असेल तर मागे १५ किलो कशाला लटकवायचे, आणि महेश्वर मांडूला जायचं असेल तेव्हा मात्र हवंच.

बाय द वे, स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय, तिथे १९०४ च्या सुमारास हे जादा चाक बनायला लागलं. तिकडचे लोक आता स्पेअर म्हणतात, आपण इकडे अजून त्या गल्लीचं नाव घेतोय.

मावसभाऊ म्हणाला की २०२० च्या नियमबदलानंतर स्टेपनी नसली तरी चालते. अरे पण ते ट्यूबलेस टायर, रिपेअर किट आणि टायरचं प्रेशर दाखवणारी सिस्टिम असलेल्या गाड्यांसाठी. आणि नियमात चालतं म्हणून जाम गेटला रात्री चालत जायचं का मी.

८ जून

मापं. हेच काम सगळ्यात महत्त्वाचं निघालं.

चाक १३ इंची अलॉय, टायर १६५/६५, बाहेरचा व्यास ५४५ मिमी. काट्यावर १२.४ किलो. चार नट, पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) ११४.३ म्हणजे समोरासमोरच्या दोन नटांमधलं अंतर तेवढंच, नट १२ मिमी १.२५ पिचचे, पाना १९ चा.

आता मजा बघा. चाकाचा ऑफसेट ३५ आहे. म्हणजे हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून ३५ मिमी बाहेरच्या तोंडाकडे. टायर साधारण १६५ रुंद, अर्धं ८२. चाक सरळ लावलं, म्हणजे सुंदर बाजू मागच्या लोकांना दिसेल असं, तर टेकायच्या प्लेटपासून टायर गाडीकडे ८२ अधिक ३५, ११७ मिमी येतं. म्हणजे प्लेट मागच्या पॅनलपासून निदान १३० वर धरावी लागणार. उलटं लावलं तर फक्त ४७ मिमी, ६० मध्ये काम झालं असतं, ७० मिमी वाचले असते. मला उलटं हवं होतं खरं. पण नटाची कोनाची (शंकूसारखी) बैठक चाकाच्या बाहेरच्या तोंडाला असते, उलट्या चाकात नट बसायला जागाच नाही, शिवाय अलॉयचं तोंड प्लेटवर घासणार. म्हणून सरळ. १३२ धरलं.

मग वजनाचा हिशोब. कॅरिअर ३.२ किलो धरलं तर एकूण १५.६. पॅनल ॲक्सलच्या मागे ५२० मिमी, चाकाचा मध्य पॅनलच्या मागे जवळपास १००, म्हणजे ६२० मागे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २२५०. मागच्या ॲक्सलवर १९.९ किलो वाढतात आणि पुढचे ४.३ कमी होतात. मोठ्या गाडीत हा आकडा कुणी बघत नाही, इथे पुढे मुळात अडीचशेच्या आसपास आहे, स्टिअरिंग हलकं झालेलं मला तरी कळेल असं वाटतं.

१४ जून

पुठ्ठ्याचं चाक कापून पॅनलला टेपने लावलं आणि लक्षात आलं की नंबर प्लेट झाकली जातेय. मी म्हटलं प्लेट खाली किंवा बाजूला सरकवू. नाही सरकवता येत. हाय सिक्युरिटी प्लेट आहे, स्नॅप लॉकने बसवलेली, ते लॉक एकदा काढलं की मोडतं आणि नवीन लावायचं तर परत अपॉइंटमेंट, कारण सांगा, रांग. आणि कॅरिअरवर दुसरी प्लेट लावणं तर अजिबात नको.

म्हणून प्लेट जागेवर, चाक वर. टायरची खालची कड प्लेटच्या वर ६० मिमी. पण टायर पॅनलपासून १८० मिमी मागे येतं, छज्जासारखं, त्यामुळे वरून बघणाऱ्याला प्लेट झाकणार का हा प्रश्न. चौकातले कॅमेरे वर असतात आणि इंदुरात चलान घरी यायला वेळ लागत नाही. गाडी गल्लीत उभी करून समोरच्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून साधारण १५ मीटरवरून फोटो काढला, शेजारच्या काकूंनी चहा पण दिला. नंबर पूर्ण दिसतोय, मध्यभागी प्लेटची वरची काठ जेमतेम झाकते बस. रात्रीसाठी प्लेटवरचा दिवा पण बघितला, नियमात १५ मीटरवरून वाचता यायला हवी, वाचता येते. दोन्ही टेल लॅम्प चाकाच्या बाहेर आहेत, ते सुटले.

एक तोटा. चाक वर गेल्यामुळे आतल्या आरशात आता अर्धं टायर दिसणार. चालेल, बाजूचे आरसे आहेत.

२२ जून

सियागंजच्या बाजारात सकाळी अकराला पोचलो, पाऊस. २५ मिमीचा गोल पाइप २ मिमी भिंतीचा पाहिजे होता, दुकानदाराने चमकणारा दिला, मी पण खुश की गंजणार नाही. सांवेर रोडला वेल्डिंगवाल्या उस्तादांनी बघितला आणि बाजूला फेकला. ये जीआई है भैया, इसका धुआँ पीके मुझे रात को बुखार चढ़ाना है क्या. जस्त चढवलेला पाइप वेल्ड केला की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि त्याने खरंच ताप भरतो. परत गेलो, काळा पाइप आणला. २ मीटर, सव्वादोन किलो. प्लेट ६ मिमीची, दीडशे बाय दीडशे, मधे भोक, एक किलोच्या आत.

डिझाइन असं की तीन टेकू. खाली चेसीच्या आडव्या पाइपात दोन, आणि वर एक, रोलबारच्या (डोक्यामागच्या संरक्षक कमानीच्या) मागच्या दांडीवरच्या ब्रॅकेटला. तिपाई कुठेही डगमगत नाही, चौपाई डगमगते, म्हणून तीन. खालचे दोन म्हणजे कॅरिअरच्या १६ मिमीच्या खुंट्या, त्या चेसीतल्या बाहीत (आरपार बसवलेल्या नळीत) घुसतात, मागून आर क्लिप, म्हणजे तारेची पिन. वर एक १० मिमीचा बोल्ट, हाताने फिरवायची मूठ लावलेला. विना पाना, मला फार आवडलं होतं हे.

चेसीच्या पाइपाला सरळ भोक पाडून बोल्ट आवळायचा नाही हे मात्र ठाम. भिंत १.६ ची, बोल्ट आवळला की पाइप चेपतो, चेपला की बोल्ट ढिला, परत आवळा, परत चेपतो. त्यासाठी दोन्ही भिंतींमधून जाड नळीची बाही घालायची आणि दोन्ही तोंडं वेल्ड करून कानस मारायची, म्हणजे आवळलेलं सगळं नळी झेलते. रिव्हनट (रिव्हेटसारखा भोकात बसणारा नट) पण सुचवलं होतं एकाने, ते पातळ पत्र्यात ठीक, पण चाक लटकवायला नको, एकदा जागेवर फिरायला लागलं की ना निघतं ना आवळतं.

२९ जून

वेल्डिंग. टाकी मागेच आहे म्हणून आधी टाकी पूर्ण काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली, लाइनला बूच, मग गाडी उस्तादांकडे नेली ती पण ढकलून छोट्या हत्तीवर चढवून (तोच ड्रायव्हर, आता ओळख झाली). बॅटरीची निगेटिव्ह काढली, अल्टरनेटरची वायर काढली, अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी. उस्तादांनी रॉड वापरला नाही, सीओटू मशीन घेतलं, १.६ च्या भिंतीवर रॉडने भोकच पडतं. चार चार टॅक (छोटे टाके) मारत, थांबत, ओलं फडकं टाकत. फायबरच्या मागे ॲस्बेस्टॉस ठेवायचा म्हणत होते, मी नको म्हटलं, पत्रा आणि ओलं पोतं ठेवलं. तरी एका ठिकाणी फायबर तपकिरी झालंच, रुपयाएवढं. पेंट करताना बघू.

६ जुलै, आषाढी एकादशी

आईबरोबर सकाळी पंढरीनाथाच्या देवळात जाऊन आलो, साबुदाण्याची खिचडी खाल्ली, मग चाक लावलं. लागलं! ४० सेकंदात. वाड्यातली पोरं टाळ्या वाजवत होती. बायपासवरून महूपर्यंत गेलो, गुळगुळीत रस्त्यावर काही आवाज नाही, मी गात होतो. महूच्या पुढे जरा खराब रस्ता लागला आणि मागे डबा वाजावा तसं खडखड सुरू. थांबून मूठ आवळली, परत खडखड. घरी येईपर्यंत ११० किलोमीटर झाले आणि डोकं उठलं.

८ जुलै

काढून बघितलं. उजवीकडच्या बाहीचं तोंड अंडाकृती झालंय, खुंटीवर चमकदार पट्टा. ११० किलोमीटरमध्ये! बाहीत आणि खुंटीत मी अर्धा मिमी फट ठेवली होती, सहज निघावं म्हणून. ती फटच मारतेय.

आधी मला वाटलं ताकद कमी पडतेय. हिशोब केला. खड्ड्यात पाचपट झटका धरला तर १५.६ किलोचे ७८ किलो. पॅनलपासून १० सेंमी मागे, म्हणजे ७.८ किलोग्रॅम-मीटर पिळ. वरचा टेकू आणि खालचे टेकू यांच्यात २६ सेंमी. म्हणजे वरच्या बोल्टला ३० किलोची ओढ. तीस! माझा बोल्ट १० चा, त्याहून बारीक ८ मिमीचा ८.८ ग्रेडचा बोल्टसुद्धा दोन टनाच्या वर सहज झेलतो. म्हणजे ताकदीचा प्रश्न नव्हताच कधी, मी उगाच जाड पाइप घेत बसलो. प्रश्न ढिलाईचा आहे. कायमचं वेल्ड केलेलं कॅरिअर कधीच वाजलं नसतं, काढता येणारं आहे म्हणून वाजतंय, आणि सहज निघावं म्हणून फट ठेवली की ते वाजणारच.

१३ जुलै

बाबांना सांगितलं. ते इथल्या एसजीएसआयटीएस इंजिनीअरिंग कॉलेजचे जुने विद्यार्थी, सगळी नोकरी मोजणीच्या उपकरणांत गेली, निवृत्त झाल्यापासून माझ्या गाडीकडे दुर्लक्ष करण्याचं व्रत घेतलेलं. आज व्रत मोडलं. खडूने फरशीवर काढून दाखवलं.

मी म्हटलं खुंट्या घट्ट करतो, फट शून्य. म्हणाले, अरे मग ते वेल्डिंगने दीड मिमी इकडेतिकडे सरकलंय ते काय करशील, बसणारच नाही. मी म्हटलं मग तिन्ही ठिकाणी कोनाचे खड्डे करतो, चाकाच्या नटाच्या बैठकीसारखे. म्हणाले, तिन्ही खड्डे असले की तिन्ही अंतरं तंतोतंत जुळावी लागतात, नाहीतर दोन बसतील आणि तिसरा हवेत. मग हे:

एक खड्डा, एक खाच, एक सपाट. पहिला टेकू कोनाच्या खड्ड्यात, तो जागा पक्की करतो. दुसरा व्ही आकाराच्या आडव्या खाचेत, आणि खाचेचं तोंड पहिल्या खड्ड्याकडे असायचं, म्हणजे तो वरखाली हलू शकत नाही पण दोघांमधलं अंतर दीड मिमी चुकलं तरी सरकून बसतो. तिसरा सपाट प्लेटवर, त्याला फक्त मागेपुढे अडवायचं. याला केल्व्हिन कपलिंग म्हणतात, लॅबच्या उपकरणांचे पाय असेच ठेवतात, उचलून परत ठेवलं की त्याच जागी बसतं. मला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कुणी हे सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी त्या दिवशी छप्पन दुकानला खात बसलो असेन.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मी आवळायचा बोल्ट वरच्या टेकूवरच ठेवला होता. त्याने फक्त वरचा टेकू दाबला जातो, खालचे दोन मोकळेच. ओढणारा बोल्ट तिन्ही टेकूंच्या मधे पाहिजे, त्रिकोणाच्या पोटात, म्हणजे एका आवळण्यात तिन्ही दाबले जातात. इतकं साधं.

मी म्हटलं बाबा आधी का नाही सांगितलं. तू विचारलं कुठे, तू तर चाकाचे फोटो काढत होतास.

२० जुलै

जुन्या खुंट्या कापल्या. लेथवर १६ चे गोल टोकाचे तीन पाय काढून घेतले, ते कॅरिअरला वेल्ड. चेसीकडे डावीकडे ६० डिग्रीचा खड्डा असलेली बुशिंग, उजवीकडे खाच, वर ८ मिमीची सपाट टिकली. लेथवाल्याला खाच आडवी हे चारदा सांगितलं तरी पहिली उभीच काढली, ती आता टेबलावर पेपरवेट आहे.

मधल्या बोल्टसाठी चाकाचाच १२ मिमीचा स्टड आणि चाकाचाच नट घेतला, म्हणजे पाना एकच, १९ चा, जो पंक्चरच्या वेळी हातात असणारच आहे. विना पानाचं स्वप्न सोडलं, मूठ दिली मावसभावाला, त्याने ती कपाटाला लावली. चाक कॅरिअरला धरतात ते पण दोनच स्टड, समोरासमोर.

मधल्या बोल्टची ओढ जास्त नको कारण तो ज्या आडव्या पाइपाला धरतो तो १.६ चाच आहे, चाकासारखं जोर लावून आवळलं तर पाइप वाकेल. टॉर्क रेंचवर ५ न्यूटन मीटर, त्यानेच साधारण २०० किलोची ओढ येते, आपल्याला हवी त्यापेक्षा बरीच जास्त. नटाखाली कटोरी वॉशर चार, एकमेकांवर उलटसुलट, म्हणजे काही दबलं बसलं तरी ओढ टिकते. रस्त्यावर रेंच कोण नेणार, म्हणून बघून ठेवलं की हाताने टेकेपर्यंत आणि मग पान्याने किती फेरी, ते कॅरिअरवर पेंटने खूण केली.

२७ जुलै

लावायला १ मिनिट ५० सेकंद, काढायला ४०. हाताने धरून हलवलं तर पूर्ण गाडी हलते, कॅरिअर नाही. जुन्या कॅरिअरला टायरच्या कडेला ४ मिमी खेळ होता, आता मोजता येत नाही.

शिवाय एक स्टीलची दोरी, कॅरिअर ते चेसी, डी शॅकलने. नट सुटलाच तर १५ किलोचं चाक मागच्या स्कूटरवाल्याच्या अंगावर जाऊ नये. बाबा म्हणाले नट सुटणार नाही. असेल, दोरी राहणार.

३ ऑगस्ट

महेश्वर. पहाटे पाचला, धुकं, जाम गेटपाशी ढग रस्त्यावर. मुद्दाम त्याच खराब पट्ट्यावरून नेली, आणि मागून काहीच नाही. इंजिनचा आवाज, वायपरचा आवाज, बस. दर २५ किलोमीटरला उतरून हात लावून बघत होतो, बायको म्हणाली लहान मुलाचा ताप बघतोस तसं चाललंय. घाटात उतरताना पुढचं टोक थोडं हलकं वाटलं, आकडा ४.३ चा माहीत असल्यामुळे वाटलं का खरंच, सांगता येत नाही. मागच्या टायरात २ पीएसआय वाढवले होते.

नर्मदेवर घाटावर बसून भुट्टा खाल्ला, सगळे लोक गाडीभोवती, एका काकांनी चाक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवलं, म्हणाले पक्कं आहे. जाऊन येऊन सुमारे २०० किलोमीटर. घरी आल्यावर खूण बघितली, नट जागचा हललेला नाही. खड्ड्यात एक बारीक चमकदार कडं, सगळीकडे सारखं, म्हणजे नीट बसलाय.

१० ऑगस्ट

आज कॅरिअर काढून ठेवलं. पॅनलवर मागे राहिलं ते असं: तीन भोकं आणि एक स्टड. पाऊस चालू आहे म्हणून पाणी जायला नको, सियागंजातून रबरी बुचं आणली, दोन बसली, तिसरं पडतं, त्याला ट्यूबचा तुकडा गुंडाळला. स्टडवर आईने तेलाच्या बाटलीचं झाकण बसवून दिलं, अगदी मापाचं. काळं आहे, कुणाला कळत नाही.

राहिलेलं काम: फायबरचा तो तपकिरी डाग, कॅरिअरला रंग (सध्या नुसता रेड ऑक्साइड), आणि खाचेत ग्रीस ठेवायचं की कोरडं यावर बाबांचं आणि उस्तादांचं पटत नाहीये, सध्या कोरडं.

साइडवॉल फाटलेलं टायर अजून अंगणात आहे, मांजरीने त्यात पिल्लं घातलीयत.